अमेरिकेच्या मंदिरात जायचे, तर आधी कागद

पंचवटीतल्या किंवा त्र्यंबकच्या तरुण गुरुजींना परदेशातल्या मंदिराचे बोलावणे येते ते बहुधा आधी गेलेल्या एखाद्या सहाध्यायीच्या फोनवरून. ‘आमच्याकडे एक जागा आहे, येतोस का?’ मग मंदिराच्या विश्वस्तांशी व्हिडिओ कॉल होतो. रुद्र म्हणायला सांगतात, पुरुषसूक्त ऐकतात, आरत्या किती येतात ते विचारतात आणि शेवटी पगाराचा आकडा सांगतात. घरी पेढे आणले जातात. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि अडायचे तिथेच अडते.

विद्या कमी पडली म्हणून काम अडल्याचे उदाहरण विरळाच. अडते ते कागदावर. आठ-दहा वर्षे संथा घेतलेल्या मुलाकडे गुरुजींचे तोंडी आशीर्वाद असतात, पण पाठशाळेत कोणत्या तारखेला आला आणि काय शिकून कधी बाहेर पडला हे सांगणारी चार ओळींची चिठ्ठीसुद्धा नसते. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी वह्यांतून जपतात. कुणाचे पणजोबा कोणत्या साली गोदेवर आले होते ते शोधून दाखवतात. स्वतःच्या शिक्षणाची नोंद मात्र त्याच घरात सापडत नाही. म्हणून या लेखात व्हिसाच्या फॉर्मपेक्षा त्याआधीच्या तयारीवर जास्त लिहिले आहे, आणि मुख्यतः अमेरिकेबद्दल लिहिले आहे. तिथे शिर्डीच्या साईबाबांची मंदिरे गावोगाव झाली आहेत आणि काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचा क्रम बहुतांशी मराठीत चालतो. त्यामुळे आपल्याकडच्या गुरुजींना मागणी आहे.

अमेरिकेत धार्मिक कामासाठी जाणाऱ्यांचा व्हिसा म्हणजे आर-१. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने हा वर्ग निर्माण केला. पुजारी, पाद्री, मौलवी, ग्रंथी, भिक्खू या सगळ्यांना नियम एकच. नाशिकच्या कॅथलिक धर्मप्रांतातले फादर अमेरिकेतल्या एखाद्या चर्चमध्ये नेमणुकीवर जाणार असतील तर त्यांनाही हाच रस्ता. (एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री आपल्या शरणपूरला येऊन राहिले, त्यांना यातले काही लागले नव्हते. तो काळ वेगळा आणि राज्यही त्यांचेच.)

पहिली गोष्ट मनात पक्की करा : हा अर्ज तुम्ही करायचा नसतो. मंदिर करते. मंदिराची संस्था आय-१२९ नावाचा अर्ज अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे भरते. तो मंजूर झाला की मगच तुम्ही मुंबईच्या वकिलातीत जायचे. नोव्हेंबर २००८ पूर्वी गुरुजींना थेट वकिलातीत अर्ज करता येत असे. पण २००६ मध्ये अमेरिकी सरकारने धार्मिक कर्मचाऱ्यांच्या ग्रीन कार्डाचे काही अर्ज नमुन्यादाखल तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश अर्जांत फसवणूक आढळली. त्यानंतर नियम कडक झाले. आता खात्याची माणसे मंदिरात जाऊन पाहणी करतात : मंदिर खरोखर आहे का, पूजा चालते का, नव्या पुजाऱ्याला राहायला जागा कुठे. पाहणी न झालेल्या जागेसाठी जादा फी भरून लवकर निकाल मागण्याची सोयही मिळत नाही. तेव्हा ‘पंधरा दिवसांत व्हिसा काढून देतो’ असे कुणी म्हणाले, तर मंदिराची अशी पाहणी पूर्वी झाली आहे का एवढेच विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर समजून घ्या.

अर्ज मंदिराचा असल्यामुळे मंदिर कसे आहे याची चौकशी तुम्ही करायला हवी. आपल्याकडे याचा संकोच फार. देवाचे ठिकाण, त्याची चौकशी काय करायची! पण पुढची अडीच-पाच वर्षे तुमचा देशातला मुक्काम त्या एका संस्थेवर अवलंबून असणार. संस्था नफा न कमावणारी आणि करमुक्त असली पाहिजे, आणि तसे अमेरिकेच्या आयकर खात्याचे, आयआरएसचे, पत्र तिच्याकडे असले पाहिजे. आयआरएसच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांची यादी फुकट शोधता येते. मंदिराचे नाव आणि शहर टाकून बघा, दहा मिनिटांचे काम आहे. मग विश्वस्तांना विचारा : गेल्या पाच वर्षांत तुम्ही किती पुजाऱ्यांसाठी अर्ज केले? ही माहिती त्यांना अर्जात द्यावीच लागते, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नसावी. पूर्वी तिथे काम केलेल्या गुरुजींशी बोला, आणि विश्वस्तांनी दिलेल्या नंबरावर अवलंबून न राहता त्यांचा नंबर आपला आपण मिळवा.

आता तुमच्या बाजूचे कागद. नियम सांगतो की अर्ज दाखल होण्याआधीची सलग दोन वर्षे तुम्ही त्याच धर्मसंप्रदायाचे सदस्य असला पाहिजेत. इथे अनेकांचा गोंधळ होतो. दोन वर्षे पुजाऱ्याची नोकरी केलेली असावी असे आर-१ म्हणत नाही, ती अट पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी येते. इथे फक्त सदस्यत्व हवे. पण हिंदूंमध्ये सदस्यत्वाची वही कुठे असते? आपल्याकडे ना वर्गणी, ना ओळखपत्र. नियम करणाऱ्यांनी एवढी सोय ठेवली आहे की मध्यवर्ती धर्मपीठ नसलेल्या समाजाला समान श्रद्धा, समान उपासना, समान संस्कार आणि समान उपासनास्थळे यांच्या आधारे आपला संप्रदाय दाखवता येतो. म्हणून पाठशाळेचे किंवा ज्या देवळात तुम्ही नेमाने सेवा करता त्या संस्थेचे पत्र घ्या. त्यात ‘हे आमच्या परिचयाचे असून सुस्वभावी आहेत’ एवढ्यावर भागवू नका. कोणत्या तारखेपासून येतात, काय करतात, कोणती परंपरा पाळतात हे लिहून घ्या. शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन शाखेचे गुरुजी दाक्षिणात्य आगम पद्धतीच्या मंदिरात जाणार असतील, तर दोन्हीकडची उपासना एकाच हिंदू परंपरेतली कशी, हे मंदिराच्या अर्जात एका परिच्छेदात समजावलेले बरे. समोरच्या अधिकाऱ्याला रुद्राभिषेक आणि तिरुमंजनम् यातले साम्य आपोआप कळणार नाही.

पूजा-संस्कार करणाऱ्या गुरुजींचा अर्ज बहुधा ‘मिनिस्टर’ या सदरात जातो. त्यासाठी तुम्ही त्या परंपरेच्या रीतीप्रमाणे पूर्ण शिक्षित आहात हे दाखवावे लागते. पाद्रीकडे दीक्षेचे प्रमाणपत्र असते. आपल्याकडे तसा एकच ठराविक कागद नाही, म्हणून दोन गोष्टी मांडाव्या लागतात : आपल्या परंपरेत पुरोहित होण्यासाठी काय शिकावे लागते, आणि तुम्ही ते शिकलात याचा पुरावा. मौंज कधी झाली, संहिता किती वर्षांत झाली, पद-क्रम झाला का, याज्ञिकी कुणाकडे शिकलात, सोळा संस्कारांपैकी कोणते स्वतंत्रपणे चालवता हे सारे पाठशाळेच्या लेटरहेडवर, सालांसह, गुरुजींच्या सहीने. ‘दशग्रंथी’ किंवा ‘घनपाठी’ लिहिले तर त्याचा अर्थ आणि त्याला लागणारी वर्षे पुढे लिहा. उज्जैनच्या महर्षी सांदीपनि वेदविद्या प्रतिष्ठानाशी जोडलेल्या पाठशाळेत शिकलेल्यांचे काम सोपे असते. तिथल्या वेदभूषण आणि वेदविभूषण या परीक्षा दहावी-बारावीच्या तोडीच्या मानल्या जातात आणि छापील गुणपत्रक मिळते. ज्यांचे शिक्षण घरी वडिलांकडे झाले त्यांनी निराश होऊ नये, पण मेहनत जास्त घ्यावी : यज्ञांच्या कार्यक्रमपत्रिकांत छापलेले नाव, नियुक्तीची पत्रे, संस्थांनी दिलेली मानपत्रे, तारखेसह फोटो. आजपासून एका फाइलमध्ये गोळा करत जा. अमेरिकेचा विचार अजून डोक्यात नसला तरी.

मराठी किंवा संस्कृत कागदाचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतरकाराने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असे सहीनिशी लिहून द्यायचे असते. यूएससीआयएसला त्यावर नोटरीचा शिक्का लागत नाही, मंत्रालयाची धावपळही लागत नाही. स्टॅम्प-पेपरवर पैसे घालवू नका.

नावाचे तेवढे बघा. पाठशाळेच्या पत्रात ‘वे. मू. बाळूगुरुजी’, आधार कार्डावर एक, पासपोर्टवर वडिलांच्या नावासह तिसरेच, असा प्रकार आपल्याकडे सर्रास असतो. सगळी पत्रे पासपोर्टवरच्या नावानेच घ्या. पासपोर्ट काढलेला नसेल तर दाखल्यांची नावे आधी जुळवून मग नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या, उलट क्रमाने नको. ज्यांची दहावी झालेली नाही त्यांच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा येतो. अमेरिका-ब्रिटनला त्याची अडचण नाही, पण आखाती देशांत नोकरीला जायचे झाल्यास आधी मंजुरी काढावी लागते. मुक्त विद्यालयातून दहावी देऊन ठेवणे यावर सर्वांत स्वस्त उपाय.

पगार आणि काम यांवर थोडे थांबू. कायद्याला आठवड्याला सरासरी किमान २० तास धार्मिक काम हवे. पण ‘धार्मिक’ म्हणजे धार्मिकच. झाडलोट, देखभाल, हिशेब, देणग्या गोळा करणे हे मुख्य काम असलेल्या माणसाला हा व्हिसा मिळत नाही. छोट्या मंदिरात गुरुजींनी देवघर आवरले, नैवेद्य केला तर बिघडत नाही. मात्र कागदावर ‘पुजारी’ आणि प्रत्यक्षात दिवसभर स्वयंपाकघर किंवा बांधकाम असे असेल तर ते मंदिराच्या आणि तुमच्या, दोघांच्याही अंगाशी येते. मे २०२१ मध्ये न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिल इथल्या मंदिराच्या बांधकामावर काम केलेल्या भारतीय कामगारांनी फेडरल न्यायालयात दावा लावला. आर-१ व्हिसावर आणून आपल्याला तासाला सुमारे १.२० डॉलर दिले गेले, पासपोर्ट काढून घेतले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. संस्थेने आरोप नाकारले. तो वाद कुणीकडे गेला याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. निघण्यापूर्वी कामाचे वर्णन हातात असावे, एवढे त्यातून घ्यायचे.

म्हणून लेखी करार मागा, आणि मंदिराने आय-१२९ सोबत भरलेल्या कागदांची प्रतही. दोन्हींतला पगार एकच असला पाहिजे. राहण्याची जागा, जेवण, आरोग्य विमा, साप्ताहिक सुटी, वर्षाची रजा, येण्या-जाण्याचे तिकीट हे सगळे त्यात लिहून घ्या. पगार बँकेत जमा व्हावा आणि वर्षअखेरीस डब्ल्यू-२ हा वेतनाचा दाखला मिळावा. रोख पगाराने आज घराचा हप्ता भागेल, पण मुदतवाढीच्या वेळी आधीच्या पगाराचा आयआरएसचा पुरावा मागतात आणि तेव्हा रोखीचे पैसे कुठेच दिसत नाहीत.

आणि दक्षिणा. आर-१ व्हिसावर तुम्ही फक्त ज्या मंदिराने अर्ज केला त्याच्यासाठी काम करू शकता. रविवारी एखाद्या यजमानाच्या घरी सत्यनारायण, वास्तुशांत किंवा मौंज लावायची आणि पैसे परस्पर खिशात घालायचे, हे त्यांच्या कायद्याने परवानगीबाहेरचे काम ठरते. बाहेरच्या पूजा मंदिराच्या वेळापत्रकात नोंदवून, मंदिराच्या पावतीवर, मंदिरातर्फे करा. यजमानाने ताम्हनात ठेवलेली दक्षिणा नाकारणे आपल्या संस्कारात बसत नाही हे मलाही कळते. पण ती कुणाची, हे करारात आधीच ठरवून घ्या आणि मंदिराच्या हिशेबात जाऊ द्या. दुसऱ्या मंदिराला तुम्ही हवे असाल तर त्यांनी स्वतंत्र अर्ज करावा. या बाबतीत शेजारच्या गुरुजींचा ‘इथे सगळेच करतात’ हा सल्ला ऐकू नका.

याचीच दुसरी बाजू गणपतीत दिसते. महाराष्ट्र मंडळे दहा दिवसांसाठी इथून गुरुजी बोलावतात आणि ते पर्यटक व्हिसावर जातात. धार्मिक कारणाने थोडक्या दिवसांच्या फिरतीवर जाण्यासाठी बी-१ व्हिसाची तरतूद आहे. पण कुठल्या एका देवळात नेमणूक घेऊन तिथला पगार घेणे त्यात बसत नाही. मंडळाने निमंत्रणपत्रात कार्यक्रम, तारखा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहावे, आणि गुरुजींनी विमानतळावर ‘फिरायला आलो’ असे सांगू नये. बॅगेत सोवळे, पळी-पंचपात्र आणि पोथ्या निघतात तेव्हा ते उत्तर टिकत नाही.

मंजुरी आली की डीएस-१६० हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, आर वर्गाची २०५ डॉलरची फी (२०२३ पासूनचा दर, भरताना चालू दर पाहा), बोटांचे ठसे, आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. नाशिकहून आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जा. सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, कसाऱ्याला काय होईल सांगता येत नाही. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत किंवा हिंदीत बोलायची इच्छा सांगा. अर्धवट इंग्रजीत ‘येस, येस’ करण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. मंदिर कोणत्या राज्यात आहे, मुख्य देवता कोणती, रोजचा पूजाक्रम काय, पगार किती, राहणार कुठे, याची उत्तरे अर्जातल्याप्रमाणेच यायला हवीत. एखादा मंत्र म्हणायला सांगितले तर गोंधळू नका. तेवढा एक प्रश्न तरी आपल्या अभ्यासक्रमातला असतो.

पत्नी आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना आर-२ व्हिसा मिळतो. शिकता येते, नोकरी करता येत नाही. एका पगारात घर चालेल का, हा हिशेब इथे बसूनच करा.

मध्यस्थांबद्दल. परदेशातल्या नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेली असावी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येते आणि त्याला घेता येणाऱ्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. त्र्यंबकमध्ये एखाद्या कुटुंबाने शेत गहाण ठेवून लाखांत रक्कम द्यायची वेळ येत असेल, तर ती नोकरी नव्हे. मंदिराने अर्ज करायचा आहे, मंदिराला फी आणि वकील परवडत नसेल तर तुमचा पगार तरी कसा परवडणार?

ब्रिटनचे थोडक्यात. तिथे मुख्य पुजाऱ्यासाठी ‘टी-२ मिनिस्टर ऑफ रिलिजन’ हा मार्ग आहे आणि त्यात इंग्रजी वाचन, लेखन, बोलणे, ऐकणे या चारही अंगांत बी-२ पातळी लागते. आपल्या बऱ्याच गुरुजींची गाडी तिथे थांबते. दुय्यम जबाबदारीच्या धार्मिक कामासाठी दोन वर्षांपर्यंतचा तात्पुरता व्हिसा आहे, त्याला इंग्रजीची परीक्षा नाही. मंदिराकडे प्रायोजकत्वाचा परवाना हवा आणि परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकारच जाहीर करते. सहा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी भारतीयांना क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आहे.

पुन्हा अमेरिकेकडे. सुरुवातीला जास्तीत जास्त ३० महिने मिळतात, मग तेवढीच मुदतवाढ, एकूण पाच वर्षे. मधे भारतात काढलेले दिवस या पाच वर्षांत धरले जात नाहीत, मात्र पुरावा तुम्ही द्यायचा, तेव्हा बोर्डिंग पास जपून ठेवा. पाच वर्षांनंतर देश सोडावा लागतो. परत केव्हा येता येते याचे नियम बदलत असतात, ते त्या वेळच्या वकिलाकडून समजून घ्या. दोन वर्षे सलग काम झाल्यावर मंदिर आय-३६० भरून ग्रीन कार्डाची वाट धरू शकते. पण एप्रिल २०२३ नंतर या वर्गातली रांग फार लांबली आहे. ‘गेलो की कार्ड’ असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

नोकरी सुटली तर? संगणक क्षेत्रातल्या एच-१बीवाल्यांना नवी नोकरी शोधायला साठ दिवसांपर्यंत सवलत मिळते, आर-१ ला ती नाही. मंदिराने १४ दिवसांत खात्याला कळवायचे असते. म्हणून वाद पेटल्यावर नव्हे, कुरबुर सुरू होताच वकिलाला भेटा. पासपोर्ट कधीही कुणाच्या ताब्यात देऊ नका, ‘ऑफिसच्या तिजोरीत सुरक्षित राहील’ म्हटले तरी. माणसाला कामावर अडकवून ठेवण्यासाठी पासपोर्ट काढून घेणे हा तिथे गुन्हा आहे. अशा वेळी १-८८८-३७३-७८८८ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो, तो नंबर घरच्यांकडेही लिहून ठेवा.

२०२६-२७ च्या सिंहस्थाला घरी यायचे ज्यांच्या मनात आहे त्यांनी रजा आत्ताच लेखी मागून ठेवावी आणि पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख पाहावी. तिथे राहण्याची मुदत शिल्लक असली तरी शिक्का संपला असेल, तर मुंबईत नवा शिक्का मिळेपर्यंत परत जाता येत नाही. सिंहस्थ करून परतीला दोन महिने अडकलेला पुजारी कुठल्याच मंदिराला नको असतो. नव्याने उतरणाऱ्यांनी विमानतळाबाहेर पडल्यावर त्याच आठवड्यात आय-९४ ही प्रवेशाची नोंद ऑनलाइन उघडून त्यातली तारीख वाचावी. मुक्कामाची खरी मुदत तीच. मुदतवाढीचा अर्ज त्या तारखेच्या सहा महिने आधीपासून भरता येतो, आणि तोही मंदिरानेच भरायचा असतो, तेव्हा सात महिने उरले असतानाच विश्वस्तांना आठवण करायला लागा.